गणिताचार्य विष्णुपंत नारळीकर

वऱ्हाडात चांदूर बाजारच्या परिसरात संत्र्यांचे मळे आहेत आणि कपाशीची शेते आहेत. कार्तिक महिन्यातील निरभ्र रात्री एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा राखणीसाठी शेतात थांबला, तर त्याच्या माथ्यावर ताऱ्यांनी भरलेले विशाल आकाश पसरलेले असते. ते पाहून त्याच्या मनात प्रश्न उभे राहतात. हे तारे कशामुळे तेवतात? ते असेच किती काळ तेवत राहतील? प्रकाश देता देता ते झिजत असतील काय? असे प्रश्न लहानथोर सर्वांनाच पडतात. परंतु त्या प्रश्नांचा पाठपुरावा कसा करावा, हे शिकविणारा गुरू मात्र फार थोड्यांच्या वाट्यास येतो.

भारतात अग्निबाण उडविण्याचे केंद्र नव्हते, मोठमोठ्या दुर्बिणी नव्हत्या आणि विश्वाच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्यांना कोणी आधार देत नव्हते, अशा काळात एका मराठी प्राध्यापकाने केवळ खडू आणि फळा यांच्या साहाय्याने काशी क्षेत्री या विद्येची शाळा उभारली. त्या शाळेतून तयार झालेल्या शिष्यांची नावे पुढे जगभरच्या विद्यापीठांत पोहोचली. या थोर शिक्षकाचे नाव विष्णू वासुदेव नारळीकर.

विष्णुपंतांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री हे विद्वान गृहस्थ होते. त्या वेळी कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांची कारकीर्द चालू होती. महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. गावोगावी शाळा निघत होत्या आणि विद्येला प्रतिष्ठा लाभत होती. अशा वातावरणात विष्णुपंतांचे बालपण गेले. लहानपणापासून त्यांचा ओढा गणिताकडे होता. त्यांच्या जन्मापूर्वी नऊ वर्षे, म्हणजे १८९९ साली, कोकणातील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम येऊन सीनियर रँग्लर झाले होते. हा मान मिळविणारे ते पहिलेच भारतीय. त्यांच्या यशाची कथा महाराष्ट्रातील अनेक हुशार मुलांना प्रेरणा देत असे. इंग्रजांनी आपला देश जिंकला असला तरी बुद्धीच्या आखाड्यात आपण त्यांच्याहून कमी नाही, असा विश्वास त्या एका यशाने लोकांच्या मनात जागविला होता.

कोल्हापुरातील शिक्षण आटोपून विष्णुपंत मुंबईस आले. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेत शिकत असताना १९२८ साली ते बी. एस्सी. च्या परीक्षेत पहिले आले. आता पुढचे शिक्षण केंब्रिजला घ्यावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु विलायतेचा प्रवास व तेथील राहणीचा खर्च ही सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. अशा वेळी जमशेटजी टाटा यांच्या नावाने चालणाऱ्या निधीतून त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. कोल्हापूर संस्थानानेही मदतीचा हात दिला. अशा रीतीने, वयाची वीस वर्षे पुरी होत असतानाच, हा कोल्हापूरचा तरुण आगबोटीने इंग्लंडला गेला.

केंब्रिज ही न्यूटनची कर्मभूमी. तेथे त्या काळी आर्थर एडिंग्टन नावाचे एक थोर खगोलशास्त्रज्ञ शिकवीत असत. एडिंग्टन यांचे नाव सर्वत्र गाजले, ते एका सूर्यग्रहणामुळे. त्याचे असे झाले. आइन्स्टाइन या शास्त्रज्ञाने १९१५ साली गुरुत्वाकर्षणाविषयी एक नवाच सिद्धांत मांडला. त्याला सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत असे म्हणतात. चार मुलांनी घोंगडीची चार टोके धरून ती ताणावी व तिच्या मधोमध एक जड गोळा ठेवावा, म्हणजे घोंगडीला तेथे खोलगट आकार येतो. मग कडेने एखादी गोटी सोडली, तर ती सरळ न जाता गोळ्याच्या दिशेने वळते. सूर्यासारखी जड वस्तू आपल्या भोवतालच्या अवकाशाला काहीसे असेच वाकविते, असे आइन्स्टाइनचे म्हणणे होते. हे खरे असेल, तर सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाशसुद्धा किंचित वळला पाहिजे. परंतु सूर्याच्या झगझगाटात त्याच्या जवळचे तारे दिसणार कसे? ते दिसतात फक्त खग्रास ग्रहणात. २९ मे १९१९ च्या ग्रहणाच्या वेळी एडिंग्टन आफ्रिकेच्या पश्चिमेकडील प्रिन्सिपे बेटावर गेले. त्यांनी ताऱ्यांची छायाचित्रे घेतली आणि प्रकाश खरोखरच वळतो, हे जगाला दाखवून दिले.

अशा गुरूंच्या सान्निध्यात विष्णुपंतांना गणिताच्या जोडीने आकाशातील तारकांची ओढ लागली. १९३० साली त्यांनी केंब्रिजची गणिताची अवघड परीक्षा विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण केली आणि ते रँग्लर झाले. खगोलशास्त्रातील नैपुण्याबद्दल मिळणारे टायसन पदक त्यांना मिळाले. पुढे संशोधनासाठी आयझॅक न्यूटन यांच्या नावाची विद्यावृत्ती मिळाली आणि १९३२ साली रॅले पारितोषिकही मिळाले. कोल्हापुरातून आलेल्या या तरुणाची गणना आता केंब्रिजच्या नामांकित विद्यार्थ्यांत होऊ लागली.

येथे त्यांच्या आयुष्याच्या वाटेला दोन फाटे फुटले. एक वाट सरळ होती. पाश्चात्त्य देशांत राहावे, थोर शास्त्रज्ञांच्या सहवासात संशोधन करावे, उत्तम ग्रंथालये व वेधशाळा यांचा लाभ घ्यावा आणि कीर्ती मिळवावी. दुसरी वाट मायदेशाकडे परतणारी होती. तेथे त्यांच्या विषयाचे जाणकार विरळा होते, साधने तुटपुंजी होती आणि परदेशातील नियतकालिके समुद्रमार्गे कित्येक आठवड्यांनी हाती पडत असत.

याच सुमारास पंडित मदनमोहन मालवीय यांची दृष्टी त्यांच्याकडे वळली. मालवीयजींनी गावोगाव फिरून, राजेमहाराजांपासून गोरगरिबांपर्यंत सर्वांपुढे हात पसरून, १९१६ साली काशी हिंदू विश्वविद्यालय उभे केले होते. तेथे वेदविद्येपासून अभियांत्रिकीपर्यंत सर्व शास्त्रांचे शिक्षण मिळावे, अशी त्यांची आकांक्षा होती. परंतु विद्यापीठ नुसत्या इमारतींनी उभे राहत नाही. त्याला शिक्षक लागतात. म्हणून मालवीयजी जेथे जात, तेथे गुणी तरुणांचा शोध घेत. १९३१ साली गोलमेज परिषदेच्या निमित्ताने ते इंग्लंडला गेले होते. त्यांनी विष्णुपंतांना काशीस येऊन गणित विभागाची धुरा सांभाळण्याचे निमंत्रण दिले.

विष्णुपंतांनी दुसरी वाट पत्करली. १९३२ साली ते काशीस आले आणि अवघ्या चोविशीच्या उंबरठ्यावर गणिताचे प्राध्यापक व विभागप्रमुख झाले. पुढील अठ्ठावीस वर्षे काशी हेच त्यांचे घर झाले.

काशीला आल्यावर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो असा, की येथे कोणते संशोधन करता येईल? मोठी दुर्बीण हवी म्हटली, तर तिला लाखो रुपये लागणार. प्रयोगशाळा हवी म्हटली, तर यंत्रे परदेशातून आणावी लागणार. परंतु आइन्स्टाइनच्या सिद्धांताचा अभ्यास असा होता, की त्याला कागद, पेन्सिल, खडू, फळा आणि चिकाटी एवढेच साहित्य पुरत असे. गुरुत्वाकर्षणाची समीकरणे मांडावयाची, ती सोडविण्याचा मार्ग शोधावयाचा आणि जे उत्तर निघेल त्याचा खऱ्या ताऱ्यांशी मेळ लागतो काय, ते पाहावयाचे. आपल्याजवळ काय नाही याचे रडगाणे गाण्यापेक्षा, जे आहे त्यात सर्वांत मोठे काम कोणते होऊ शकेल, याचा त्यांनी विचार केला. त्या काळी भारतात या विषयाकडे वळलेले लोक फारच थोडे होते. विष्णुपंतांनी हाच विषय आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला.

हळूहळू काशीत सापेक्षतेच्या अभ्यासकांचा एक लहानसा मेळा जमू लागला. विद्यार्थ्यांबरोबर व सहकाऱ्यांबरोबर विष्णुपंत शोधनिबंध लिहू लागले. त्यांच्यासमवेत काम केलेले के. आर. करमरकर यांनी १९४८ साली गणितातील एक अट मांडली. ताऱ्यांच्या अंतरंगाचे गणित करणारे आजचे संशोधकही ती अट वापरतात आणि तिला करमरकरांच्याच नावाने ओळखतात. परंतु विष्णुपंतांच्या शिष्यांमध्ये सर्वांत अधिक कीर्ती मिळविली, ती प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी. त्या गुरुशिष्यांची कथा मोठी बोधप्रद आहे.

प्रल्हाद वैद्य यांचा जन्म १९१८ साली सौराष्ट्रातील जुनागढच्या मुलखात झाला. मुंबईस त्यांनी गणिताचे उच्च शिक्षण घेतले. महात्मा गांधींच्या विचारांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला होता आणि देशकार्याची त्यांना ओढ होती. परंतु त्याचबरोबर आइन्स्टाइनच्या सिद्धांतानेही त्यांच्या मनाला वेड लावले होते. हा विषय शिकवील असा गुरू कोठे भेटेल, याचा ते शोध करू लागले, तेव्हा काशीच्या नारळीकरांचे नाव त्यांच्यापुढे आले. त्यांनी विष्णुपंतांना पत्र लिहिले व त्यांची संमती मिळविली.

१९४२ साली वैद्य काशीस निघाले. ते एकटे नव्हते. बरोबर पत्नी होती आणि काही महिन्यांची तान्ही मुलगी होती. नोकरी नव्हती, शिष्यवृत्ती नव्हती. आजवर पोटाला चिमटा घेऊन जी काही पुंजी साठविली होती, तिच्यावर दहा महिने गुजराण होईल, असा त्यांचा हिशेब होता. दहा महिन्यांत काही साधले तर ठीक; नाही साधले तर रिकाम्या हातांनी परतावयाचे. तो काळही मोठा धामधुमीचा होता. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. ऑगस्ट महिन्यात चले जाव चळवळीचा वणवा देशभर पसरला आणि काशीच्या विद्यार्थ्यांतही त्याची धग पोहोचली. अशा दिवसांत एक तरुण गृहस्थ ताऱ्यांचे गणित शिकण्यासाठी आपल्या संसाराची सारी शिल्लक पणाला लावतो, ही गोष्ट सामान्य नव्हे.

येथे गुरूचीही कसोटी होती. ज्याच्याजवळ दहाच महिने आहेत, त्याला दहा वर्षांत न सुटणारा प्रश्न दिला, तर तो निराश होऊन परतणार. उलट अगदीच सोपा प्रश्न दिला, तर त्याचे श्रम वाया जाणार. संशोधनात योग्य प्रश्न निवडता येणे ही अर्धी विद्या होय, आणि ती पुस्तकात सापडत नाही. ती जाणत्या गुरूजवळच मिळते. विष्णुपंतांच्या मार्गदर्शनाखाली वैद्य यांनी जो प्रश्न हाती घेतला, तो समजण्यास सोपा, सोडविण्यास कठीण आणि महत्त्वाने थोर असा होता.

तो प्रश्न कोणता, ते पाहू. आइन्स्टाइनने आपली समीकरणे मांडल्यावर थोड्याच दिवसांनी कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने ती एका ताऱ्यासाठी सोडवून दाखविली. ताऱ्याभोवतीचे अवकाश कसे व किती वाकते, हे त्याच्या उत्तरावरून कळते. हे उत्तर १९१६ साली प्रसिद्ध झाले. ते फार सुंदर होते; परंतु त्यात एक उणीव होती. श्वार्झशिल्डने कल्पिलेला तारा प्रकाश देत नव्हता! तो विझलेल्या कंदिलासारखा अंधारात नुसता स्थिर होता. खरे तारे तसे नसतात. ते सतत प्रकाश व उष्णता बाहेर टाकतात.

आता यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. शेतातील कंदील रात्रभर जळला, की सकाळी त्यातले तेल कमी झालेले असते. ताऱ्याचेही काहीसे तसेच आहे. प्रकाश म्हणजे ऊर्जा. आणि ऊर्जा व वस्तुमान ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, असे आइन्स्टाइनने सिद्ध केले आहे. म्हणून तारा जितका प्रकाश बाहेर टाकतो, तितके त्याचे वस्तुमान घटत जाते. आपला सूर्य प्रकाशाच्या रूपाने दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन इतके वस्तुमान गमावतो. सूर्य एवढा प्रचंड आहे, की कोट्यवधी वर्षांतही त्याला हा तोटा जाणवत नाही. तथापि गणिताला लहानमोठा भेद चालत नाही. ज्याचे वस्तुमान क्षणोक्षणी घटत आहे आणि ज्याच्याभोवती प्रकाशाचा प्रवाह अखंड वाहत आहे, अशा ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण कसे असेल? हाच तो प्रश्न होता.

वैद्य या प्रश्नाच्या मागे लागले. दिवसामागून दिवस आकडेमोड चालू होती आणि साठविलेली पुंजी सरत होती. अखेर त्यांच्या परिश्रमांना यश आले. प्रकाश देणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचे गणित त्यांनी बिनचूक सोडविले. १९४३ साली त्यांचा निबंध भारतातीलच एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दहा महिन्यांची मुदत संपली आणि वैद्य काशीचा निरोप घेऊन पुन्हा पोटापाण्याच्या उद्योगास लागले.

या शोधाचा त्या वेळी फारसा गाजावाजा झाला नाही. युद्धाच्या धुमश्चक्रीत सापेक्षतेच्या समीकरणांकडे लक्ष देण्यास जगाला सवड नव्हती. पुढे वीस वर्षे लोटली. १९६३ साली खगोलशास्त्रज्ञांना क्वासार नावाच्या अतिशय तेजस्वी व अतिशय दूरच्या ज्योतींचे स्वरूप उमगले. एवढ्या लहान जागेतून एवढी प्रचंड ऊर्जा कशी बाहेर पडते, याचा विचार करताना संशोधकांना प्रकाश टाकणाऱ्या जड वस्तूच्या गणिताची गरज भासली. तेव्हा त्यांना आढळून आले, की हे गणित भारतातील एका तरुणाने १९४३ सालीच करून ठेवले आहे. तेव्हापासून ही उकल वैद्य यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आजही ती सापेक्षतेच्या ग्रंथांत शिकविली जाते. पुढे वैद्य स्वतः नामवंत प्राध्यापक झाले. गुजरातेत त्यांनी गणिताची गोडी लावणारे सुगणितम् हे मासिक चालविले आणि गुजरात विद्यापीठाचे ते कुलगुरूही झाले. गुरूने लावलेला दिवा शिष्याने दुसऱ्या प्रांतात नेऊन तेवत ठेवला.

विष्णुपंतांचे शिकविणे विद्यापीठाच्या वर्गापुरते मर्यादित नव्हते. त्यांच्या पत्नी सुमतीबाई या संस्कृतच्या व्यासंगी होत्या. जयंत व अनंत हे त्यांचे दोन पुत्र. काशीतील त्यांच्या घरी भिंतींवर फळे बसविलेले होते. मुलांना गणित करावयाचे असेल, चित्र काढावयाचे असेल, तर फळा व खडू सदैव तयार असत. सुमतीबाईंचे बंधू मोरेश्वर हुजूरबाजार हे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी काशीस येऊन याच घरी राहिले होते. मुलांचे हे मोरूमामा फळ्यावर एखादे अवघड कोडे लिहून ठेवीत आणि ते भाच्यासाठी आव्हान आहे, असे वर नमूद करीत. जयंताने कोडे सोडवीपर्यंत ते तसेच राहत असे. उत्तर लगेच सांगण्याची रीत त्या घरात नव्हती. मुलाने स्वतः डोके चालवावे, चुकावे, पुन्हा प्रयत्न करावा आणि अखेर स्वतःच्या बळावर उत्तर मिळवून आनंदित व्हावे, असे त्या घराचे शिक्षण होते.

या शिक्षणाचे फळ लवकरच दिसून आले. जयंतरावांनी काशीस पदवी घेतली आणि पित्याप्रमाणे तेही केंब्रिजला गेले. १९५९ साली ते गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम आले आणि १९६० साली त्यांना टायसन पदक मिळाले. तीस वर्षांपूर्वी हेच पदक त्यांच्या पित्याने मिळविले होते. पुढे फ्रेड हॉईल या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला आणि त्यांचे नाव जगभर झाले. पिता ज्याप्रमाणे केंब्रिज सोडून मायदेशी आला, त्याचप्रमाणे पुत्रानेही १९७२ साली भारतात परत येऊन येथेच आपले कार्य केले. २०२५ साली जयंतरावांचे पुण्यात निधन झाले.

विष्णुपंतांनी १९६० साली काशी सोडली. त्यानंतर त्यांनी अजमेर येथे राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. परंतु त्यांचा जीव रमत असे तो विद्यार्थ्यांतच. १९६६ साली ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळकांच्या नावाच्या अध्यासनावर गणिताचे प्राध्यापक म्हणून आले आणि पुन्हा एकदा खडू हाती घेतला. लोकमान्य स्वतः गणिताचे मोठे अभ्यासक होते. त्यांच्या नावाचे आसन विष्णुपंतांसारख्या गणिताचार्याला लाभावे, हे यथायोग्यच झाले. १९७३ सालापर्यंत त्यांनी ते भूषविले.

पुण्यातही नव्या पिढीचे विद्यार्थी त्यांच्याभोवती जमले. राजस्थानातून आलेले नरेश दधीच हे त्यांपैकी एक. आइन्स्टाइनच्या सिद्धांताचा अभ्यास करणाऱ्या भारतीयांची एक संघटना १९६९ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद विष्णुपंतांकडे आले. १९३२ साली ज्या विषयाला देशात मोजके अभ्यासक होते, त्याची आता संघटना होण्याइतकी मंडळी तयार झाली होती. पुढे १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची मोठी संस्था जयंतरावांच्या पुढाकाराने स्थापन झाली. देशातील कोणत्याही विद्यापीठातील विद्यार्थ्याने व प्राध्यापकाने तेथे यावे, शिकावे आणि आपल्या गावी परत जाऊन इतरांना शिकवावे, असा तिचा हेतू आहे. विष्णुपंतांचे शिष्य नरेश दधीच यांनीही काही वर्षे या संस्थेचे संचालकपद सांभाळले. १९९१ साली विष्णुपंतांनी इहलोकीची यात्रा संपविली, तेव्हा आपण लावलेल्या रोपाचा असा विस्तार झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

त्यांच्या मागेही हे काम थांबले नाही. जड तारे एकमेकांवर आदळले, की अवकाशात लाटा उठतात, असे आइन्स्टाइनच्या सिद्धांतावरून निघत होते. तळ्यात दगड पडल्यावर पाण्यावर वर्तुळे उमटतात, तशा या गुरुत्वलहरी दूरवर पसरतात. त्या इतक्या सूक्ष्म असतात, की शंभर वर्षे कोणालाही त्या पकडता आल्या नाहीत. अखेर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील यंत्रांनी त्या प्रथमच टिपल्या. त्या कार्यात आयुकातील व भारतातील इतर संस्थांमधील शास्त्रज्ञांचाही वाटा होता. असेच एक प्रचंड यंत्र वऱ्हाडाला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, उभारण्यास भारत सरकारने २०२३ साली मान्यता दिली. या यंत्राचे दोन बाहू प्रत्येकी चार किलोमीटर लांबीचे असावयाचे आहेत. त्यासाठी केवळ गणिती पुरेसे नाहीत. नळ जोडणारे, आरसे घासणारे, किरण सोडणारे, यंत्रे जुळविणारे आणि हिशेब तपासणारे असे कितीतरी अभियंते व संशोधक लागणार आहेत. ते कोठून येणार? ते आज कोठल्या ना कोठल्या शाळेत बाकावर बसलेले आहेत.

विष्णुपंतांच्या चरित्राकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. केंब्रिजला राहून स्वतःसाठी कीर्ती मिळविणे त्यांना शक्य होते. ती त्यांना मिळालीही असती. परंतु ते परत आले नसते, तर दहा महिन्यांची पुंजी घेऊन निघालेल्या प्रल्हाद वैद्यांनी पत्र कोणाला लिहिले असते? गुरूचे मोठेपण त्याच्या स्वतःच्या पदकांवरून ठरत नाही. ज्या विद्यार्थ्याला जाण्यासाठी दुसरे दार नव्हते, त्याला आपले दार उघडे ठेवणे, त्याच्या शक्तीला साजेल असा प्रश्न त्याच्या हाती देणे आणि तो सुटेपर्यंत त्याच्यामागे उभे राहणे, यातच ते मोठेपण असते. विष्णुपंत नारळीकरांनी हे काम आयुष्यभर निष्ठेने केले. म्हणूनच महाराष्ट्राच्या विद्वत्परंपरेत त्यांचे नाव आदराने घेतले जाते.